पूर्वेला अकरा मीटर चाळीस

शासनाच्या नजरेतून काहीही सुटत नाही. मोजणीदाराच्या घोट्याला जो पट्टा बसवला गेला, त्याच्यासोबत आलेल्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर हे वाक्य ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आणि ते वाचून कुणीही आपसूक सावरून बसला असता. दुसऱ्या पानावर, पट्टा गळ्यात बांधताना दोन बोटं जातील एवढी जागा ठेवावी, असं लिहिलं होतं. तिसऱ्या पानावर दूध कमी झाल्यास काय करावं ते होतं. पट्टे पुरवणाऱ्या कंपनीचा मूळ धंदा गायीगुरांचा. सरकारी कंत्राट मिळालं तेव्हा पुस्तिका नव्याने छापायला वेळ नव्हता, म्हणून देखरेख कार्यालयातल्या कुणीतरी निळ्या पेनाने ‘जनावर’ खोडून ‘गुन्हेगार’ लिहिलं होतं. सगळीकडे नाही. अकरा पानांनंतर त्याचा हात दुखला असावा, कारण बाराव्या पानापासून मोजणीदार पुन्हा जनावर झाला होता.

मोजणीदाराने पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली. भूमापन खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस तो. शेत, प्लॉट, रस्ता, नाला, जे जमिनीवर आहे ते सगळं त्याने कधी ना कधी मोजलं होतं. बायको त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने विचारलं होतं की तुम्हाला काय आवडतं, आणि तो थोडा विचार करून म्हणाला होता, काटकोन. तरीही तिने लग्न केलं. पुढे कुणी विचारलं तर ती सांगायची की निदान माणूस खोटं बोलत नाही एवढं तेव्हाच कळलं.

त्याचा गुन्हाही त्याला शोभेसाच होता. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी खात्याने त्याच्या गल्लीच्या तोंडाशी हद्दीचा नवा दगड रोवला, तो ऐंशी सेंटिमीटर चुकीच्या जागी. मोजणीदाराने चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता, भर रहदारीत, त्याने पहारीने तो दगड उपटला, योग्य जागी रोवला, आणि घरी येऊन खात्याला सविस्तर पत्र लिहिलं, सोबत आकृती जोडली. खटल्यात त्याच्याविरुद्ध एकच पुरावा होता, तो म्हणजे हे पत्र. आकृतीचं तर सरकारी वकिलानेही कौतुक केलं. सरकारी खूण हलवल्याबद्दल एकशे ऐंशी दिवस. वय पाहून तुरुंगात नव्हे, घरात, पायात पट्टा घालून. अट एवढीच की घराच्या हद्दीबाहेर पाऊल पडता कामा नये. पडल्याचं सिद्ध झालं तर सगळे एकशे ऐंशी दिवस तुरुंगात, पहिल्यापासून मोजून.

पट्टा बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून, स्क्रू आवळून, हिरवा दिवा लागलेला दाखवला. हिरवा म्हणजे आत, लाल म्हणजे बाहेर. तंत्रज्ञ चहा पिऊन गेला. मोजणीदार उठून बाहेरच्या खोलीत आला, आणि पायाखाली शेपूट सापडलेल्या मांजरासारखा पट्टा केकाटला. दिवा लाल. तो मागे सरकला, दिवा हिरवा. पुढे आला, लाल. बायको दारात उभी राहून बघत होती. शेवटी ती म्हणाली की आता नाचच करायचा असेल तर निदान पडदे ओढून घ्या.

त्याने देखरेख कार्यालयाला फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि यंत्राविषयीची तक्रार प्रत्यक्ष येऊनच नोंदवावी लागते असं सांगितलं. आपल्याला घराबाहेर पडायची बंदी आहे, असं तो म्हणाला. बाई म्हणाल्या, मग परवानगी काढा. परवानगी कुठे मिळते, असं त्याने विचारलं. ती इथेच मिळते, बाई म्हणाल्या, प्रत्यक्ष यावं लागतं.

चौदाव्या दिवशी कार्यालयाचं पहिलं पत्र आलं. पत्र मोजणीदाराच्या नावे होतं, पण फोडलं बायकोने, कारण पोस्टमन दारात उभा होता आणि दार लाल दिव्याच्या प्रदेशात होतं. पत्रात दोनशे सात उल्लंघनांचा तक्ता होता. कितीला उठले, किती वेळ कुठे होते, कितीदा कूस बदलली. शौचालयात गेल्याची प्रत्येक वेळ मिनिटांसकट नोंदलेली होती. मोजणीदाराच्या पोटाबद्दल त्याच्या डॉक्टरला नसेल एवढी माहिती आता सरकारला होती. शेवटचा रकाना ‘रवंथ’ असा होता आणि त्यात दर दिवशी ‘असमाधानकारक’ असा शेरा. तक्त्याखाली निष्कर्ष होता. सदर इसम रोज रात्री दहा ते सकाळी सहा पश्चिमेकडील शेजारच्या घरात वास्तव्य करतो.

पश्चिमेच्या घरात एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहत होत्या. वय वर्षं एकाहत्तर. त्यांच्या फाटकाची कडी जरी वाजली तरी गल्लीतली पोरं शर्ट खोचायची.

बायकोने पत्र दोनदा वाचलं. मोजणीदार स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

“अहो, बाई तुम्हाला उंबऱ्याच्या आत तरी घेतील का?” ती म्हणाली. “चपला सरळ रेषेत काढत नाही तुम्ही.”

“मी नेहमी सरळ रेषेत काढतो.”

“मग सरकारचं खरं असेल.”

ती हसली, पण पत्राची घडी घालताना तिची बोटं जरा जास्तच दाबून फिरली हे त्याने पाहिलं. घरातली गोष्ट होती. ती कुणीतरी कुठेतरी बसून लिहून घेत होतं, आणि वर चुकीची लिहून घेत होतं. मोजणीदाराला पहिल्या गोष्टीचा राग आला की दुसरीचा, हे सांगणं कठीण. त्याच्या बाबतीत दुसरीचाच.

दुपारी मुख्याध्यापिकाबाई स्वतःच आल्या. त्यांनाही प्रत गेली होती, ‘माहितीस्तव’. त्यांनी ती लाल शाईने तपासून आणली होती. शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका, आणि खाली ‘पुन्हा लिहून आणणे’. सरकारला ती परत पाठवून झाली की काय करायचं, असं त्यांनी विचारलं. मोजणीदार म्हणाला की बाई, तुमच्याकडे खडू असतील ना, दोन रंगांचे.

बाईंकडे खडूंची पंधरा खोकी होती. शाळेने निरोपाला दिली होती.

पुढच्या तीन आठवड्यांत मोजणीदाराने आपलं घर मोजलं. जिथे दिवा हिरवा लागेल तिथे फरशीवर हिरवी फुली, लाल लागेल तिथे लाल. सकाळी एक फेरी, दुपारी एक, संध्याकाळी एक. पट्ट्याचं माप चार-पाच मीटर इकडे-तिकडे हुकतं, छताखाली अजून हुकतं, हे त्याला ठाऊक होतं. पण एक माप म्हणजे अफवा आणि हजार मापं म्हणजे माप, हे त्याने चौतीस वर्षं नव्या पोरांना सांगितलं होतं. प्रत्येक लाल फुली हे एक उल्लंघन होतं आणि कार्यालयात नोंदलं जात होतं, हेही त्याला ठाऊक होतं. बायकोने आधी फरशी पुसायचं बंद केलं, मग फुल्यांवर पाय न देता चालायला शिकली, मग एके दिवशी फडताळाजवळ थांबून म्हणाली की इथे एक हिरवी उगाच एकटी पडलीय, ती तपासा. तपासली. पट्टा चुकला होता. त्या दिवसापासून ती त्याची मदतनीस झाली आणि लाल-हिरव्याची वही तिच्या हातात गेली.

दिवस सरले तशा फुल्या आपोआप दोन गटांत बसल्या. एक रेषा मधल्या बोळातून दक्षिणोत्तर गेली, दुसरी पूर्वपश्चिम, आणि त्या दोन्ही फडताळाच्या डाव्या पायाशी मिळाल्या. काटकोनात. मोजणीदार त्या कोपऱ्यापाशी बराच वेळ उकिडवा बसला. बायकोला वाटलं त्याला चक्कर आली.

कोपरा त्याच्या ओळखीचा होता. तो त्याच्याच प्लॉटचा वायव्य कोपरा होता. फक्त तो घराबाहेर, मुख्याध्यापिकाबाईंच्या कुंपणाशी असायला हवा होता, आणि इथे फडताळाखाली आला होता. पूर्वेला अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर, दक्षिणेला सात मीटर वीस. सरकारच्या नकाशात त्याचं अख्खं घर तेवढं सरकलेलं होतं. खरं घर आणि नकाशातलं घर एकमेकांवर चढत होतं ते फक्त आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे स्वयंपाकघरात आणि मोरीत. बाकीच्या घरात तो राहत होता, पण सरकारच्या मते बाईंकडे.

कारणही त्याला कळलं, आणि कळल्यावर त्याला जरा खजीलच वाटलं, कारण चूक त्याच्या खात्याची होती. शहराचे जुने कागदी नकाशे एका दगडापासून मोजलेले, आणि आकाशातून, उपग्रहाकडून येणारं माप दुसऱ्याच ठिकाणापासून. एकावर दुसरं ठेवायचं तर आधी कागद सरकवून घ्यावा लागतो. कागद संगणकात भरताना कुणीतरी तो सरकवायचा राहून गेला होता. यावर त्याने नोकरीत असताना एक टिपणही लिहिलं होतं. त्यावर साहेबांनी ‘पाहिले’ असा शेरा मारला होता.

म्हणजे एकट्याचं घर नव्हे, सगळं शहर सरकलं होतं.

हे त्याने कार्यालयाला कळवलं, आकृतीसह. उत्तरादाखल देखरेख अधिकारी स्वतः घरी आले. तरतरीत, नम्र, हातात टॅब. मोजणीदार त्यांच्यासमोर बाहेरच्या खोलीत येऊन बसला. पट्टा केकाटू लागला. अधिकाऱ्यांनी टॅबवर बोट फिरवलं आणि खेदाने मान हलवली.

“तुम्ही आत्ता शेजारी आहात,” ते म्हणाले.

“मी तुमच्यासमोर बसलोय.”

“तसं दिसतंय खरं. पण नोंद तशी नाही.”

आतून बायकोने विचारलं की चहा तीन कप टाकू की दोनच, एक बाईंकडे पाठवावा लागेल. अधिकाऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी मोजणीदाराला समजावून सांगितलं की नकाशा चुकला म्हणायचं तर शहरातल्या चारशे बारा पट्टेवाल्यांच्या नोंदी चुकल्या म्हणावं लागेल. एकोणीस जण याच नोंदींवर तुरुंगात गेलेत, त्यांचं काय करायचं? यंत्राचं कुणाशी वैर नसतं. त्यापेक्षा एक मार्ग आहे. उल्लंघन मान्य असल्याच्या कागदावर सही करावी. मग एकशे ऐंशीऐवजी तीसच दिवस तुरुंग, आणि प्रकरण मिटलं. नाहीतर सुनावणी.

मेव्हण्याला बोलावण्यात आलं. तो वकील होता; मृत्युपत्रं आणि भाडेकरार यांत त्याचा हात धरणारा नव्हता, पण फौजदारी कोर्टात तो आजवर फक्त पाऊस थांबेपर्यंत उभा राहिला होता. त्याने कागद वाचला, फरशी पाहिली, आणि घाम पुसला. भाऊजी, सही करा, असं त्याचं म्हणणं पडलं. तीस दिवस म्हणजे काही नाही. कोर्टात यंत्राविरुद्ध बोलायला एक साक्षीदार नाही आपल्याकडे. ताई आहे, पण बायकोची साक्ष घरची, यंत्राची सरकारी. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी सहा महिने आत काढायचे म्हणजे गुडघ्यांचं काय, साखरेचं काय, याचा विचार करा.

मोजणीदाराने विचार केला. त्याला तुरुंगाची भीती वाटत होती, ती त्याने लपवली नाही. त्याने पेनही हातात घेतलं. तेवढ्यात बायको वही घेऊन बाहेर आली आणि भावाच्या नव्हे, नवऱ्याच्या पुढ्यात बसली.

“तुम्ही घरात होता,” ती म्हणाली. “मी पाहिलंय. तीस दिवस काय, एक दिवससुद्धा बाहेर होता म्हणून लिहून द्यायचं नाही.”

त्याने पेनाला टोपण लावलं. मेव्हण्याने छताकडे पाहिलं, आणि फौजदारी प्रक्रियेचं पुस्तक कुठे मिळेल असं विचारलं.

सुनावणीच्या तारखा पडत गेल्या. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. दुसऱ्या तारखेला फाइल रजेवर होती. तिसऱ्या तारखेला कार्यालयाने मोठा पडदा आणला, पण त्याची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत पोचेना. मधल्या काळात मोजणीदार स्वयंपाकघरात राहिला. पलंग तिथे आणला; त्यामुळे शेगडीशी जायचं तर पलंगावरून चढून जावं लागे, आणि बायको पोळ्या बसूनच लाटू लागली. उल्लंघनांचा आकडा सोळाशेवर गेला, त्यातली बहुतेक शौचालयाच्या वाटेवरची. एक फायदा झाला. बातमी पसरली, आणि पट्टेवाले फोन करू लागले. एक बसचालक होता, जो चार महिने आपल्याच गॅलरीत झोपत होता. एक केशकर्तनकार होती, जिला सरकारच्या हिशोबाने रोज अकरा तास नाल्यात उभं राहावं लागत होतं. मोजणीदार प्रत्येकाला एकच विचारायचा, लाल कुठे लागतो? आणि बायको वहीत लिहायची. सत्तेचाळीस घरं. सगळीकडे तेच, अकरा चाळीस आणि सात वीस, थोडं इकडे-तिकडे.

पट्टा बसल्याच्या एकशे सत्तेचाळिसाव्या दिवशी, एका शुक्रवारी, वायर पोचली.

कोर्ट भरलेलं होतं. मागच्या बाकांवर, रीतसर परवानगी काढून आलेले तीसेक पट्टेवाले पाय बाकाखाली ओढून बसले होते. मुख्याध्यापिकाबाई पहिल्या बाकावर, पर्स मांडीवर उभी धरून. देखरेख अधिकाऱ्यांनी पडदा लावला आणि तासभर ठिपके दाखवले. ठिपका म्हणजे मोजणीदार, ठिपक्याभोवतीचं घर म्हणजे बाईंचं. ते बोलले फार चांगलं. मेव्हण्याने उठून एकच विनंती केली, जी त्याच्याकडून रात्रभर पाठ करून घेतली होती. आरोपी आत्ता कुठे आहे, हे पडद्यावर दाखवावं.

अधिकाऱ्यांनी दाखवलं. ठिपका कोर्टाशेजारच्या कॅन्टीनच्या कोठीघरात होता.

न्यायाधीशांनी आधी पडद्याकडे आणि मग समोरच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मोजणीदाराकडे पाहिलं. अधिकारी म्हणाले की याचा अर्थ एवढाच की आरोपीने पट्ट्यात बिघाड केलेला आहे, आणि तो वेगळा गुन्हा धरावा. मोजणीदार म्हणाला, ठीक आहे, नवा पट्टा घ्या. साहेबांच्या पिशवीत एक सीलबंद आहे, तो कुणाच्याही पायात घाला. त्याने खिशातून एक बंद पाकीट काढून न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवलं. यात उत्तर आहे, ते नंतर फोडा.

नवा पट्टा निघाला. आता पाय कुणाचा, हा प्रश्न आला. सरकारी वकिलाने आपले बूट पाहिले. शिपाई दार लावायला म्हणून बाहेर गेला. शेवटी न्यायाधीश, जे कॉलेजात विज्ञान शाखेचे होते आणि तेव्हापासून कंटाळलेले होते, त्यांनी खुर्ची मागे सरकवली, पॅंट वर केली आणि पाय पुढे केला. अधिकाऱ्यांसोबत आलेल्या तंत्रज्ञाने स्क्रू आवळले.

ठिपका उमटला. न्यायाधीश कॅन्टीनमध्ये होते, हात धुवायच्या बेसिनपाशी.

वकिलांच्या बाकावरून खोकल्याची एक लाट गेली. न्यायाधीशांनी पाकीट फोडलं. आत कोर्टाचा आणि कॅन्टीनचा नकाशा होता, टोकदार पेन्सिलने काढलेला, आणि बेसिनच्या नळावर एक फुली. खाली तीन ओळी. न्यायाधीशांचं आसन: कॅन्टीन, बेसिन. देखरेख अधिकाऱ्यांची कार्यालयातली खुर्ची: बाहेरचा पदपथ. तुरुंगाची वायव्येकडची बराक: तुरुंगाच्या भिंतीबाहेर, भाजीबाजारात.

न्यायाधीशांनी तिसरी ओळ मोठ्याने वाचली. मग त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं की खुर्ची आणि बराक यांचं आत्ता तपासता येईल का. तंत्रज्ञाने कुणाला तरी फोन केले. वीस मिनिटांत दोन ठिपके आले: एक पदपथावर, दुसरा भाजीबाजारात. दुसरा तुरुंगाच्या जमादाराचा होता, जो फोनवर शपथेवर सांगत होता की आपण बराकीत कैद्यांसोबत उभे आहोत आणि कांदे वगैरे काही दिसत नाहीत.

“म्हणजे तुमच्या नोंदीप्रमाणे,” न्यायाधीश अधिकाऱ्यांना म्हणाले, “या बराकीतले सगळे कैदी रोज पळालेले असतात.”

अधिकारी म्हणाले की नोंद तशी असली तरी ते आत आहेत हे सर्वांना माहीत आहे.

“आणि हे गृहस्थ घरात होते हे कुणाला माहीत होतं?”

“मला,” बायको तिसऱ्या बाकावरून म्हणाली, आणि मग लाजून वहीत बघू लागली.

“मलाही,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. त्या लाजल्या नाहीत. “माझ्याकडे नव्हते हे मी छातीठोक सांगू शकते.”

न्यायाधीशांनी उल्लंघनं फेटाळली, सोळाशे चारच्या सोळाशे चार, आणि पट्टेपद्धतीवरचा सविस्तर आदेश सोमवारी देऊ असं सांगितलं. तो दोन ओळींचा झाला असता. पण ते उठले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पट्टा पायातच आहे. तंत्रज्ञ म्हणाला की लावायचं हत्यार माझ्याकडे असतं, काढायचं कंपनीकडे, आणि कंपनी शनिवार-रविवार बंद असते.

शनिवार-रविवारी न्यायाधीश काय करत होते हे सांगायचं कारण नाही. ते सगळं सोमवारी सकाळी साडेनऊला त्यांच्या घरी पोचलेल्या आपोआप निघणाऱ्या पत्रात होतं, चार पानं, मिनिटांसकट, आणि ते आधी त्यांच्या सौभाग्यवतींनी वाचलं. रवंथ अपुरं होतं. हालचाल मंद असून जवळच्या पशुवैद्यकाला दाखवावं, असा सल्ला होता.

सोमवारचा आदेश बत्तीस पानी झाला आणि वाचायला दोन तास लागले. आवाज चढलेला होता. न्यायाधीश म्हणाले की माणूस हद्दीत आहे की नाही एवढंच विचारायचा सरकारला अधिकार आहे. तो किती वेळ बसला, कितीदा उठला, कुशीवर झोपला की पालथा, हे विचारायचा नाही. अशा सर्व नोंदी आजच्या आज पुसाव्यात. ज्याच्यावर पाळत आहे त्याला त्याची नोंद मागितल्याच्या दिवशी मिळाली पाहिजे. नोंद आणि माणूस यांत फरक पडला तर आधी माणूस खरा धरावा. चारशे बारा जणांची सगळी उल्लंघनं रद्द. आत गेलेले एकोणीस जण सूर्यास्तापूर्वी बाहेर. नकाशा मोजणीदाराच्या आकृतीप्रमाणे सरकवावा, आणि आकृती खात्याने जपून ठेवावी.

मागच्या बाकांवरचे सगळे उभे राहिले. टाळ्या वाजवू नयेत असं भिंतीवर लिहिलेलं होतं, म्हणून बसचालकाने पाय आपटला, मग केशकर्तनकार बाईने, मग तीस पाय एकदम, पट्ट्यांसकट. लाकडी जमीन दणाणली. शिपायाने शांत राहा म्हणायला तोंड उघडलं, न्यायाधीशांकडे पाहिलं आणि मिटलं. मुख्याध्यापिकाबाईंनी पर्स उघडून खडूचं एक नवं खोकं मोजणीदाराच्या हातात दिलं, वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला द्यावं तसं, आणि पाठ सरळ ठेव म्हणाल्या. मेव्हणा कोर्टाच्या पायऱ्यांवर उभा राहून तीन अनोळखी माणसांना आपलं कार्ड देत होता. त्याने मृत्युपत्रं सोडल्याचं त्या दिवशी जाहीर केलं. तुरुंगाच्या फाटकाशी संध्याकाळी पाच वाजता एकोणीस जण बाहेर आले. त्यातल्या एका थोराड सुताराने, ज्याला मोजणीदार ओळखतही नव्हता, त्याला उचलून खांद्यावर घेतलं. मोजणीदार वरून म्हणाला की जरा डावीकडे चाला, तुम्ही रस्त्याच्या मध्यरेषेवरून जाताय.

देखरेख अधिकारी गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांनी टोपी काढली. मोजणीदाराने खांद्यावरूनच त्यांना नमस्कार केला. माणूस वाईट नव्हता, फक्त वायव्येला होता.

घरी आल्यावर चौघांनी मिळून पलंग उचलला आणि पुन्हा झोपायच्या खोलीत नेला. मोजणीदार त्यावर आडवा झाला. सायंकाळीच नकाशा सरकवला गेला होता, दिवा हिरवा. बायकोने खिडकी उघडली आणि त्याच्या शेजारी बसली. आता फरशी पुसू का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, पूस, वही आहे. मग थोडा वेळ दोघं पट्ट्याकडे बघत राहिली; अजून तीस दिवस तो पायात राहणार होता, पण आता तो पूर्ण घरभर फिरणार होता, आणि त्या दोघांच्या दृष्टीने ते राज्य मिळाल्यासारखं होतं.

बुधवारी कोर्टाच्या कारकुनाने फाइल बंद करण्यापूर्वी तारखांची बेरीज केली. ती आजवर कुणी केली नव्हती; मोजणीदारानेही नाही, कारण सुटकेची तारीख सरकारी कागदावर छापून आली होती. शिक्षा निकालाच्या दिवसापासून मोजायची असते. पट्टे परदेशातून येईपर्यंत मोजणीदाराला नुसतं तोंडी सांगून घरी पाठवलं होतं, आणि तो तसाच एक्केचाळीस दिवस घरात बसून राहिला होता. ते धरले तर एकशे ऐंशी दिवस शुक्रवारच्या सुनावणीच्या आठ दिवस आधीच पूर्ण झाले होते.